सिधू, तुझ्या बैठकीचे कागद आले

सिधू, तुझी माहिती आली.

तुझ्या पुण्यानुमोदनाचा मंडप अजून दारातच होता. खुर्च्या न्यायला माणूस यायचा होता, भन्तेजी नुकतेच निघून गेले होते आणि मी सतरंजी झटकत होते. पोस्टमन गेटाशी येऊन म्हणाला, "अर्जदार सोता हायेत काय?" मी नाही म्हटलं. "कवा भेटतीन?" मी मंडपाकडे बोट दाखवलं. बिचारा ओशाळला. पण सरकारी माणूस, काम सोडून थोडाच जाणार? म्हणाला, "मंग सही तुमीच करून द्या, मॅडम." तुझ्या नावासमोर मी माझी सही केली आणि विद्यापीठाचं ते जाड खाकी पाकीट तुझ्या फोटोखाली नेऊन ठेवलं.

लोक येतात, माझा हात हातात घेतात, रडून घ्या ताई, मोकळं वाटेल म्हणतात. मला रडू येत नाही. मला तुझा राग येतो. ज्या कागदासाठी तू नोकरी घालवलीस, लग्न घालवलंस, बापाच्या जागी असलेला गुरू घालवलास, तो कागद दारात येतो तेव्हा तू घरात नसतोस. घाटंजीच्या स्टँडवर तुझी गाडी अशीच सुटायची. सगळ्यांच्या आधी जाऊन उभा राहायचास, मग चहा प्यायला म्हणून बाजूला सरकायचास, आणि नेमकी तेवढ्यात गाडी लागून निघून जायची. घरी आलास की वर तोंड करून म्हणायचास, "गाडीच बेइमान हाय, ताई."

धाकट्या भावाला जाऊन महिना होत नाही तोवर त्याच्याशी असं बोलू नये, हे मला कळतं. पण आपण दोघं गोड कधी बोललो होतो? एका घरात दोन हट्टी माणसं, एक विधवा मास्तरीण आणि एक बिनलग्नाचा मास्तर. भांडणाचा आवाज बंद झाला की शेजारची शमीमभाभी भिंतीवरून विचारायची, "क्या हुआ, तबियत ठीक नहीं क्या किसी की?"

समोर कोणीही बसला की तू तुझी कहाणी पहिल्यापासून सुरू करायचास. दूधवाला असो की जनगणनेवाला. मला ती कवितेसारखी पाठ झाली होती. घाटंजीच्या आठवडी बाजारातल्या विक्रेत्या बायांवर तुझी पीएच.डी. मार्गदर्शक गावंडे सर. प्रबंध जवळजवळ लिहून झालेला. आणि एके दिवशी विद्यापीठाचं दोन ओळींचं पत्र: संशोधन समितीच्या बैठकीतील निर्णयानुसार आपली नोंदणी रद्द करण्यात येत आहे. कारण नाही, सुनावणी नाही. पत्राखाली "कळावे" तेवढं होतं.

बाजाराच्या दिवशी तू त्या बायांमध्ये पोतं अंथरून बसायचास. कोणती बाई कुठून येते, सकाळची जागा तिला कोण धरून देतं, उरलेली भाजी ती कोणाला देऊन जाते, हे सगळं तुला ठाऊक. त्यांच्यातली एक, लाल मिरच्या विकणारी, त्या दिवशी मंडपात आली होती. फोटोला फूल वाहिलं, माझ्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "बाई, आमच्यावरचं पुस्तक छापलं का जी त्याईनं?" मी हो म्हटलं. काय सांगणार होते? तुझा प्रबंध लोखंडी पेटीत आहे आणि वरच्या पानांना कसर लागली आहे.

आणि बोरी अरबची ती मुलगी. चांगली बी.एड. झालेली, बोलायला तल्लख. तिला पाहायला गेलो तर तू पोह्याची बशी हातात घेऊन तिला माहिती अधिकारातलं प्रथम अपील आणि द्वितीय अपील यांतला फरक समजावत बसलास. पोरगी ऐकत होती हो, मी पाहत होते. शेवटी तिनंच विचारलं, "मग त्या बैठकीत असं झालं तरी काय होतं?" तू म्हणालास, "तेच त शोधून राह्यलो." तिचा बाप निघताना मला म्हणाला, "जावई पाह्यला का वकील पाह्यला, काही समजेना बाप्पा." तिकडून निरोप आला नाही. आपणही विचारायला गेलो नाही, कारण तू म्हणालास, आधी कागद येऊ दे.

तुझा पहिला अर्ज म्हणजे नुसता आक्रोश होता. नोंदणी का रद्द केली, माझं म्हणणं का ऐकलं नाही, कारण का कळवलं नाही. पानभर का, का, का. उत्तर आलं की अशा स्वरूपाचे प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाहीत. तू ते ओट्यावर उभं राहून मोठ्यानं वाचलंस आणि हसत सुटलास. "ताई, या कायद्यात काहून म्हणून इचारताच येत नाही! कोणता कागद हाय तेवढंच इचारता येते." मला त्या हसण्याची भीती वाटली होती. त्यानंतर तू शहाणा झालास. 'अमुक बैठकीच्या इतिवृत्ताची व उपस्थितीपत्रकाची साक्षांकित प्रत' असं मोजकं, कोरडं लिहायला शिकलास. मग त्यांनी सांगितलं की ही अंतर्गत बैठक आहे, गोपनीय आहे. मग म्हणाले, त्रयस्थ व्यक्तींची नावं आहेत. मग म्हणाले, नस्ती, म्हणजे फाईल, शोधणं सुरू आहे. अपिलात त्याच कार्यालयातले वरचे साहेब बसायचे, तुला चहा पाजायचे, तुमच्यासारखी अभ्यासू माणसं हवीत म्हणायचे आणि अपील फेटाळायचे. मग माहिती आयोग, आणि आयोगाची ती रांग. त्या रांगेपायी तुझ्या कॉलेजातल्या तासिका सुटल्या, केस पांढरे झाले.

एक मात्र सांगते, आणि हे मनापासून. त्या रांगेत उभा असताना तू दुसऱ्यांची किती कामं करून दिलीस! माझा ओटा कायम माणसांनी भरलेला असायचा. फुलसावंगीचा तो म्हातारा, ज्याच्या नातीची उत्तरपत्रिका तू काढून दिलीस, तो तुझ्या पाया पडायला लागला तर तूच मागे पळालास. कोणी रडगाणं सुरू केलं की तू हात वर करायचास. "बाबा, काहून ते सोडा. कोणता कागद पाह्यजे, ते सांगा." त्यांचे कागद यायचे. लोक पेढे आणायचे, तू अर्धा पेढा खायचास आणि अर्धा माझ्या हातावर ठेवायचास. त्या वेळी तुझ्याइतका देखणा माणूस घाटंजीत नव्हता. मी हे तुला कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तू दुसऱ्या दिवशीपासून दाढी करणं सोडलं असतंस.

पण गावंडे सरांचं काय करायचं, सिधू?

विद्यापीठातल्या शिपायानं टपरीवर तुझ्या कानात काय ते सांगितलं. बैठकीत तो पाणी द्यायला होता. "सगळ्याईनं हात वर केले, सर. तुमच्या सराईनं बी केला." झालं. ज्या माणसानं तुला स्वतःच्या घरी ठेवून घेऊन शिकवलं, ज्याच्या बायकोनं तुला ताटात वाढलं आणि ते ताट स्वतः घासलं, तो माणूस तुझ्या लेखी त्या दिवशी मेला. मी म्हणायचे, सर असे नाहीत. तू म्हणायचास, "तू नेहमी त्याईच्याच बाजूनं. तुले सख्खा भाऊ कोण, मी का ते?" मी म्हणायचे, खरं असेल त्याच्या बाजूनं मी. तू ताट सरकवून उठायचास. किती वर्षं हे एकच भांडण आपण पुरवून पुरवून भांडलो!

सरांच्या निरोपसमारंभात तू उभा राहिलास, तेव्हा मी तुझा सदरा मागून ओढला होता. तू झटकलास. सरांच्या गळ्यात हार, मांडीवर शाल, शेजारी त्यांची बायको नवी साडी नेसून बसलेली. तू म्हणालास, "सर, एकच प्रश्न. हात वर केला होता का नाही?" सर उठले. म्हणाले, "सिद्धार्थ, मी शपथेवर सांगतो, त्या बैठकीत तुझं नाव निघालंच नाही." आणि तू म्हणालास, "मग माही नोंदणी काय भुतानं रद्द केली?" पोरं हसली. सरांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला. त्या दिवसाचं जेवण पातेल्यांत तसंच राहिलं, आणि सरांची बायको पुढं जेमतेम वर्षभर जगली. तिच्या मयतीलाही तू गेला नाहीस.

सर मात्र येत राहिले. तू आतल्या खोलीत दार लावून बसायचास, ते ओट्यावर माझ्याशी बोलायचे. जाताना दरवेळी एकच विचारायचे. "सुनंदाताई, आला का तो कागद? आला की मले पह्यले दाखवा. त्याच्यात सगळं स्वच्छ होऊन जाईल." तू त्या कागदाची वाट पाहत होतास सरांना खोटं ठरवायला आणि सर वाट पाहत होते तुझ्यासमोर खरं ठरायला. एका भिंतीच्या दोन बाजूंना बसून.

पाकीट मी सगळे पाहुणे गेल्यावर फोडलं.

ऐक. तुझ्या त्या बैठकीत सर्वांत जास्त चर्चा कशावर झाली, सांगू? सभागृहातल्या ध्वनिक्षेपकावर. तो घरघर करतो, मागच्या सदस्यांना ऐकू येत नाही, आधीही कळवलं होतं, तरी कार्यवाही नाही, म्हणून सदस्यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. तीव्र. त्याला अर्धं पान. एका सदस्यानं सुचवलं की नवा घ्यावा, दुसऱ्यानं सुचवलं की दुरुस्त करावा, त्यावर उपसमिती. मग एक ओळ: परिशिष्ट 'ब' मध्ये दर्शविलेल्या संशोधकांचे प्रगती अहवाल मुदतीत प्राप्त न झाल्याने त्यांची नोंदणी रद्द करण्यास सर्वानुमते मान्यता देण्यात आली. मग वेळेवर येणारे विषय. मग आभार.

परिशिष्ट 'ब' म्हणजे नावांची लांबलचक यादी. तू तिच्यात मधे कुठेतरी आहेस. वरचा कोणी नाशिककडचा, खालचा कोणी नांदेडचा. तुझ्याविरुद्ध कोणी बोललं नाही, सिधू. कोणी कट केला नाही, कोणी तुझी जात काढली नाही, कोणाला तुझ्या विषयाची भीती वाटली नाही. तुझं नावही कोणी उच्चारलं नाही. तू ज्यांना रोज रात्री झोपेत शिव्या द्यायचास त्या माणसांना तू जन्माला आल्याचं माहीत नव्हतं. तुझा शत्रू असता तर मला बरं वाटलं असतं. मी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले असते.

आणि उपस्थितीपत्रकावर गावंडे सरांची सही. ती लांब शेपटीची, तुझ्या प्रत्येक अहवालाखाली असायची तीच.

पण अहवाल तर तू दिला होतास. मला पक्कं आठवतं, कारण त्याची शेवटची पानं मी तपासली होती. म्हणून मी दुसऱ्या दिवशी तुझ्या जुन्या कॉलेजात गेले. मोठे बाबू अजून तेच आहेत, निवृत्तीला आलेले. खुर्ची दिली, तुझ्याबद्दल चार बरे शब्द बोलले. मी अहवालाचं विचारलं, तर बोटाला थुंकी लावून कागद चाळता चाळता म्हणाले, "आला होता ना. साहेबाची सही होऊन गठ्ठ्यात म्या सोताच बांधला होता."

"मग विद्यापीठात पोचला का नाही?"

"पोचला त. पण उशिरा पोचला. त्या टायमाले गठ्ठा न्यायलेच कोणी नोतं. पह्यले तुमचे भाऊच नेत. त्या बारीनं त्याईनं नाही म्हटलं. मंग कोणी तिकडं जाईपर्यंत राह्यला कपाटावर. महिना-दीड महिना झाला असन."

मी विचारलं, तुम्ही हे त्याला कधी सांगितलं नाही? बाबूंनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांना खरोखर नवल वाटलं होतं. "त्याईनं मले इचारलंच नाही, मॅडम. ते त विद्यापीठालेच इचारत राह्यले. मले इचारलं असतं त अर्जाचीबी गरज नोती."

मी उठले. बाहेर येऊन पिंपळाच्या पारावर बसले. पोरं-पोरी जात-येत होती. तिथं मला तो दिवस आठवला, आणि सिधू, मला वाटलं, हे तुला सांगू नये. तू जिवंत असतास तर सांगितलंच नसतं. आता सांगते, कारण आता तुझं काही बिघडत नाही.

तुझ्या कॉलेजाचं सगळं टपाल एका गठ्ठ्यात बांधून हातानंच विद्यापीठात पाठवायची रीत. कागदांवर 'योग्य मार्गे' असं लिहितात ना, तो मार्ग म्हणजे तो गठ्ठा. आणि तो वाहायचा कोणी, तर तासिकेवरच्या मास्तरांनी. त्यातही तूच. पर्मनंट लोकांच्या रजा, निकाल, अर्ज, सगळं मांडीवर घेऊन तू एसटीत बसायचास. मग एके दिवशी प्राचार्यांनी भर वर्गाच्या दारात, पोरांसमोर, म्हटलं, "सिद्धार्थ, उचल रे तो गठ्ठा." आणि तू म्हणालास, "सर, मी शिकवायले आलो, डाक वाह्यले नाही."

त्या दिवशी तू घरी आलास तो वेगळाच माणूस होतास. ओट्यावर चप्पल काढली आणि उभ्याउभ्याच सांगितलंस. आपला आजा गावची डाक वाहायचा. ऊन असो, पूर असो, तहसीलीचा कागद या गावातून त्या गावात, पायी. धम्म घेतला त्या वर्षी त्यानं गावकामाची काठी चावडीपुढं नेऊन टाकली, आणि पुढं उपाशी राहिला पण काठीला हात लावला नाही. तू म्हणालास, "ताई, आज्यानं टाकलेलं ओझं मी उचलून राह्यलो होतो. मले आज समजलं." मी शमीमभाभीच्या पोराला पाठवून मटण आणलं. आपण दोघांनी पोटभर खाल्लं, त्या दिवशी भांडलो नाही. तुझ्या आयुष्यात तू ताठ उभा राहिलास असा तो दिवस. आणि त्या गठ्ठ्यात तुझाच अहवाल होता.

दोन दिवस घरात मी तुझ्याशी भांडत फिरले. तुझा राग येत होता. अरे, आपला अहवाल गेला का एवढं तरी विचारायचं! साऱ्या जगाला कागद कसा मागायचा ते शिकवलंस, आणि चार पावलांवरच्या बाबूला तोंडानं विचारलं नाहीस. मग मला कळलं, तू का विचारलं नाहीस. त्या कार्यालयाची पायरी तुला परत चढायची नव्हती. तू नाही म्हणून आला होतास. मग तो राग गेला, आणि त्याच्या जागी जे आलं त्याला मी काय नाव देऊ? तू गेल्याचं दुःख मला तेव्हा झालं. दवाखान्यात नव्हतं झालं.

काल दुपारी गावंडे सर आले. हातात काठी, पायांना सूज. तुझ्या अंत्ययात्रेला आले नव्हते. म्हणाले, "त्याले आवडलं नसतं." मग तुझ्या फोटोसमोर उभे राहिले, बराच वेळ. खुर्चीत बसल्यावर म्हणाले, "सुनंदाताई, कागद आला म्हणून ऐकलं. मले पाहू द्या. पोरगं गेलं, पण माह्यावरचा ठपका तरी जाईल."

मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, "मोठ्यानं वाचा, सर. तो ऐकतोय."

मला माहीत होतं मी काय करते आहे. मी चष्माही पुसून दिला.

सरांचा तो वर्गातला आवाज अजून तसाच आहे. ध्वनिक्षेपकाचा भाग वाचताना त्यांना हसू आलं. "आठवते, आठवते. लई घरघर करे." मग ती ओळ वाचली. मग परिशिष्ट. बोट नावांवरून खाली सरकत गेलं आणि तुझ्या नावावर थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. मग मी उपस्थितीपत्रक त्यांच्यापुढे धरलं.

"हे त मी होतो," ते म्हणाले.

"हो, सर."

"यादी समोर होती. कार्यालयानं केलेली यादी, कोण पाह्यते? जेवायची येळ झालती. अध्यक्ष म्हणाले मंजूर, आम्ही सगळे म्हणालो मंजूर." त्यांचा आवाज खाली खाली जात होता. "पान उलटवलं असतं त दिसला असता तो. मी पान नाही उलटवलं. म्हंजे त्याचं खरं होतं. हात माहाबी वर होता."

मी त्यांना पाणी दिलं नाही. पाणी जवळच होतं.

मग त्यांनी मान वर केली. डोळे भरून आले होते, पण मास्तर तो मास्तर. म्हणाले, "पण सुनंदाताई, त्याच्या अहवालावर त मी सही केलती. येळेवर केलती. तो कुठं अडकला? तुम्हाले काही माहीत हाय काय?"

ते माझ्याकडे आशेनं पाहत होते, सिधू. बुडत्यानं पाहावं तसं. गठ्ठ्याचं सांगितलं असतं तर त्यांच्या छातीवरचं निम्मं ओझं तिथंच उतरलं असतं. ते म्हणाले असते, अरे, एवढ्यासाठी? एक गठ्ठा नेऊन टाकला असता तर? संध्याकाळपर्यंत सगळी घाटंजी तेच म्हणाली असती. टपरीवर, कॉलेजात, बाजारात. आजा, चावडी, काठी कोणी बोललं नसतं. तुझ्या त्या दिवसाचा लोकांनी मूर्खपणा करून टाकला असता.

"नाही, सर," मी म्हटलं. "मला काहीच माहीत नाही."

खरं असेल त्याच्या बाजूनं मी, असं तुला आयुष्यभर सांगत आले. काल मी तुझ्या बाजूनं खोटं बोलले. एका चांगल्या, म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर बोलले, आणि ते खोटं घेऊन तो मरणार आहे. सर उठले. ओट्याच्या पायऱ्या उतरताना त्यांना आधार हवा होता, त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी जागची हलले नाही.